इतिवृत्त

पणजोबांची वही मला बुटांच्या खोक्यात सापडली.
कडांवर मेणाचे थेंब, मुखपृष्ठावर चहाच्या कपाचा गोल,
सभेचा शिक्का असावा तसा.

वेल्समध्ये, डोंगराच्या पोटात पाचव्या थरावर
पाटीच्या दगडाची खाण.
तिथल्या दगडानं परमुलखातली घरं शाकारली,
कुठकुठल्या पोरांनी त्याच्यावर बाराखडी गिरवली,
आणि खाणकऱ्यांची छपरं गळतच राहिली.
जेवणाची सुट्टी अर्धा तास.
दगडी खोपटात सोळा माणसं,
लोणी-पाव, गार चहा, दोन मेणबत्त्या
(मेणबत्त्यांचे पैसे पगारातून कापून),
आणि रोज एक सभा.

"विषय क्रमांक एक," पणजोबा मेयरिग लिहितात,
अक्षर असं की छिन्नीनं काढलेलं,
"जे गाव अजून कुठेच नाही
त्या गावात संडास कोण साफ करील?"

वीस मिनिटं एवढ्यावरच.
कुणी म्हणालं, पाळीपाळीनं. कुणी म्हणालं, पाद्री.
(हशा.)
तुडुर म्हणाला, मनातलेच मांडे आहेत,
तर तुपाला हात आखडता का?
तेवढ्यात म्हाताऱ्या इथेलला खोकला आला.
छातीत तीस वर्षांची धूळ.
खोकला थांबेस्तोवर सभा थांबली, अशी नोंद आहे.
मग तो म्हणाला,
"आधी हवेचं ठरवा. संडासाचं मागाहून."
ठराव: त्या गावात हवा असेल.
सूचक इथेल. अनुमोदक सगळे.

कॅडॉग, वय तेरा, पहिल्यांदाच बोलला:
त्या गावात जेवायला एक तास असावा.
अकरा बाजूनं, चार विरोधात, एक झोपलेला.
विरोधकांचं म्हणणं, तासभर बोलायचं काय?

एका पानाच्या समासात वेगळं अक्षर, पेन्सिलीचं.
पणजी तेगवेन. डबा भरताना वही चाळली असणार.
"त्या गावात बायका सभेला येतात का?
विचारून सांगा."
दुसऱ्या दिवशीची नोंद:
"प्रश्न वाचून दाखवला. सभा गप्प."

लोक मला विचारतात, यातलं खरं काय झालं?
तासाची सुट्टी मिळाली,
तेव्हा कॅडॉगला चावायला दात नव्हते.
हवा मिळाली,
पण खाण बंद पडल्यावर.
म्हणजे हिशेब चुकलाच म्हणा.
तरी ज्यांनी ते गाव कधी बोलूनच पाहिलं नाही
त्यांच्या वह्या मला कुठल्याच खोक्यात सापडत नाहीत.
आणि कोरी पाटी, कोरी पाटी म्हणतात सगळे.
खाणीत राबलेल्याला विचारा,
एक कोरी पाटी निघायला
किती सुरुंग लागतात ते.

शेवटचं पान:
"विषय: त्या गावात भांडणं होतील का?
तुडुर म्हणाला, होऊ देत, पण पोटभर जेवून.
भोंगा झाला.
विषय अपुरा. पुढील सभेत."
त्यापुढे पानं रिकामी.

मी आता गावच्या परिषदेत इतिवृत्त लिहिते.
काल वाचनालय बंद करायचा विषय होता.
खजिनदार म्हणाले, आपण जरा वास्तवात राहू या.
टेबलावर अंदाजपत्रक होतं.
अंदाज सोडून सगळं होतं त्यात.
कोण, किती, कुठल्या खात्यातून.
कशासाठी, हा रकाना छापलेलाच नव्हता.

विषयपत्रिकेवर नेहमीप्रमाणे पहिली ओळ:
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
मी उभी राहिले
आणि खोक्यातली वही उघडली.
अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं,
"कुठली मागील सभा?"
मी वाचायला लागले, विषय क्रमांक एक,
जे गाव अजून कुठेच नाही,
त्या गावात संडास

मागच्या खुर्चीवर कुणीतरी फस्सकन हसलं.
मी थांबले, पेन उचललं,
कंसात लिहिलं: हशा.
आणि पुढे वाचू लागले.